पाण्यात विरघळलेली गारगोटी

रद्दीपासून नवा कागद करणाऱ्या गिरणीच्या सांडपाण्यात एक पदार्थ असा असतो, की त्याला वास नाही, रंग नाही, आणि नेहमीच्या तपासणीच्या यादीत सहसा त्याचं नावही नसतं. तो म्हणजे सिलिका. वाळू आणि गारगोटी ज्याची बनते तोच पदार्थ, इथे पाण्यात विरघळलेला. पाणी नदीत सोडायचं असतं तोवर त्याच्याकडे कोणी बघत नाही. तेच पाणी शुद्ध करून पुन्हा वापरायचं ठरलं, की सगळं घोडं तिथेच अडतं.

ही सिलिका गिरणी स्वतःच पाण्यात घालते. रद्दीवरची शाई सुटावी आणि लगदा उजळावा म्हणून त्यात कॉस्टिक सोडा, साबण, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सोडियम सिलिकेट मिसळतात. लोह-मँगनीजच्या अंशांमुळे पेरॉक्साइड वाया जातं. सिलिकेट ते टिकवून धरतं. काम झालं की त्याचा मोठा भाग पाण्याबरोबर बाहेर पडतो. बांबू, उसाचं चिपाड किंवा भाताचा पेंढा शिजवणाऱ्या गिरण्यांत ती कच्च्या मालातूनच येते. उसाच्या पानांनी तोडणी कामगारांचे हात चिरतात, त्या धारेतही सिलिका असते. लाकडात ती सहसा एक टक्काही नसते, भाताच्या पेंढ्यात मात्र दहा टक्क्यांच्या आसपास.

आता हिशेब पाहू. साधारण 25 अंश तापमानाला एक लिटर पाण्यात सुमारे 120 मिलिग्रॅम सिलिका विरघळून राहते. रद्दीच्या गिरणीच्या पाण्यात ती 100 मिलिग्रॅम असेल, तर आरओच्या मेम्ब्रेनमधून 100 लिटरपैकी जेमतेम 17 लिटर शुद्ध पाणी काढता येईल. त्यापुढे मागे उरलेल्या पाण्यात सिलिका मावत नाही, ती मेम्ब्रेनवर काचेसारखी बसते. चुन्याचं पुट आम्लानं निघतं. हे पुट नेहमीच्या आम्लांना दाद देत नाही. पुट रोखणारी रसायनं घालून मर्यादा थोडी ताणता येते, इतकंच. पण सिलिका आधीच 24 मिलिग्रॅमवर आणली, तर त्याच गणितानं 80 लिटर पाणी हाती येतं. पाणीटंचाईच्या मुलखात गिरणी चालणार की नाही, हे या फरकावर ठरू शकतं.

माद्रिदजवळच्या फुएनलाब्रादा इथे वर्तमानपत्राचा कागद पूर्णपणे रद्दीपासून करणारी गिरणी होती. तिनं शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी वापरात आणलं. माद्रिदच्या कोम्प्लुतेन्से विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा कागद-गिरण्यांच्या पाण्यातली सिलिका काढण्यावर चिकाटीनं काम केलं. 2013 साली त्यांनी ॲल्युमिनियमच्या क्षारांवरचे निष्कर्ष मांडले, पुढे मॅग्नेशियमकडे वळले.

प्रयोगशाळेत हे काम जार टेस्टनं होतं. ओळीनं मांडलेल्या बीकरांतल्या पाण्यात या क्षारांची वेगवेगळी मात्रा घालायची, पाती आधी जोरात, मग संथ फिरवायची. हळूहळू पुंजके धरतात आणि तळाशी बसतात. वरची निवळी गाळून तिच्यात मॉलिब्डेट घातलं की उरलेल्या सिलिकेमुळे पिवळा रंग चढतो. रंग जितका फिका, तितकं काम चांगलं. मात्र कणरूप सिलिका या चाचणीला सहसा सापडत नाही, म्हणून नुसत्या रंगावर विसंबून चालत नाही.

मॅग्नेशियमचं काम सामू 11 च्या आसपास आणि कोमट पाण्यात उत्तम होतं. अशा गिरणीचं पाणी मुळात कोमट आणि थोडं अल्कधर्मी असतं, ही जमेची बाजू. पण मॅग्नेशियम क्लोराइड घातलं की सिलिका जाते आणि क्लोराइड वाढतात. आरओवरचा भार दुसऱ्या दारानं परत येतो. ॲल्युमिनियमचा उरलेला अंश सिलिकेशी संयोग पावून मेम्ब्रेनवरच बसू शकतो. म्हणून मला मॅग्नेशियम ऑक्साइड किंवा हायड्रॉक्साइड अधिक पटतं. ती सहज विरघळत नाहीत, आधी थोडं आम्ल देऊन जागी करावी लागतात, पण क्षार फार वाढवत नाहीत.

सामू चढवलेलं पाणी पुढे खाली आणावं लागतं. त्यासाठी बॉयलरच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड वापरता येतो. गाळाची विल्हेवाट मात्र उरतेच, आणि जितकी सिलिका काढू तितका गाळ वाढतो. म्हणूनच शाई काढताना सिलिकेट किती कमी करता येईल, हे गिरणीनं ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा, आराखडा काढण्याआधी तपासलं पाहिजे. पेरॉक्साइडसाठी कॉस्टिक-सिलिकेटऐवजी मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड वापरण्याची पद्धत लगदा उद्योगात आहेच.