विधानाकडून वचनाकडे : तंत्रज्ञाच्या व्यवसायांतराचा भाषिक विचार

काही वर्षे तांत्रिक काम केलेला मनुष्य पुढे ग्राहकसंस्थांशी संबंध राखण्याच्या कामाकडे वळतो, ही घटना पुण्या-मुंबईच्या औद्योगिक जीवनात आता नित्याची झाली आहे. कालपर्यंत संगणकाच्या आज्ञावली लिहिणारा अभियंता आज ग्राहकांच्या बैठकींना बसतो, त्यांच्या गरजा समजून घेतो, कराराच्या नूतनीकरणाची बोलणी करतो. या स्थित्यंतराचा विचार बहुधा वेतन, पद आणि स्वभाव यांच्या अनुषंगाने केला जातो. मनुष्य बोलका असला म्हणजे त्याला हे काम साधेल, असा निर्वाळाही सहज दिला जातो. प्रस्तुत लेखात प्रतिपादन करावयाचे आहे ते असे की, या व्यवसायांतरात बोलण्याच्या प्रमाणापेक्षा बोलण्याचे कार्य अधिक बदलते. तंत्रज्ञाचे वाक्य प्रायः विधान असते. ग्राहकसंबंध सांभाळणाऱ्याचे वाक्य प्रायः वचन ठरते.

या भेदाची तात्त्विक बैठक परिचित आहे. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या आणि १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत, बोलणे ही स्वतःच एक कृती असते, हा विचार मांडला. पुढे जॉन सर्ल यांनी १९७५ मध्ये अशा कृतींचे वर्गीकरण केले. त्यानुसार विधानात शब्दांनी जगाशी जुळावयाचे असते, तर वचनात जगाला शब्दांशी जुळवून आणावयाचे असते. 'हा दोष शुक्रवारपर्यंत दूर होईल' हे वाक्य घ्या. सहकाऱ्यांच्या बैठकीत तो अंदाज असतो. गुरुवारी नवी अडचण निघाली तर अंदाज बदलतो आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. तेच वाक्य ग्राहकापुढे उच्चारले की, त्याच्या आधारे तो आपल्या वरिष्ठांना तारीख कळवितो. वाक्याचे व्याकरण तसेच राहते. श्रोता बदलल्याने त्याचे बंधन मात्र बदलते.

या बंधनाला आर्थिक इतिहासही आहे. आयबीएम या अमेरिकन कंपनीने २३ जून १९६९ रोजी अशी घोषणा केली की, तोवर यंत्राच्या मोबदल्यातच सामावलेल्या अनेक आज्ञावली, अभियंत्यांचे साहाय्य आणि प्रशिक्षण यांचे मोल यापुढे निराळे आकारले जाईल. ज्या सल्ल्याला स्वतंत्र किंमत नव्हती, त्याला ती आली. आणि ज्याची किंमत मोजावी लागते, त्याची हमीही मागितली जाते. तंत्रज्ञाचा शब्द व्यवहारात वचनाच्या कोटीत जाऊ लागण्याचे एक कारण येथे दिसते.

मराठी भाषकाच्या दृष्टीने हा पालट प्रथम सर्वनामांत प्रकट होतो. इंग्रजीतील 'वुई' या शब्दात श्रोता समाविष्ट आहे की नाही, हे संदर्भावरून ठरवावे लागते. मराठीत 'आम्ही' म्हटले की श्रोता बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. सहकारी बँकेच्या व्यवस्थापकाला 'आम्ही हे तपासू' असे सांगणे म्हणजे जबाबदारी घेणे होय. 'आपण हे तपासू' असे सांगणे म्हणजे त्याला कामात सहभागी करून घेणे होय. दोन्हींची स्थाने वेगळी आहेत. दोष आपल्या बाजूचा असताना 'आपण' म्हणणे हे अर्धी जबाबदारी ग्राहकाच्या माथी मारण्यासारखे आहे. गरजांची यादी ठरविताना 'आम्ही' म्हणणे हे त्याला दारात उभे ठेवण्यासारखे आहे.

दुसरा पालट क्रियापदाच्या रचनेत होतो. 'नोंदी पुसल्या गेल्या' ही कर्त्याचा उल्लेख न करणारी रचना तांत्रिक अहवालात योग्यच असते, कारण तेथे कारणाचा शोध चालू असतो आणि कर्ता आधीच ठरविणे अशास्त्रीय होय. ग्राहकाला मात्र ती टाळाटाळ वाटते. मराठीने यावर एक मार्मिक तोड काढली आहे : 'आमच्या हातून नोंदी पुसल्या गेल्या.' 'हातून' या शब्दाने दायित्व स्वीकारले जाते, हेतू मात्र नाकारला जातो.

तिसरे अंग सुराचे आहे. जॉन गम्पर्झ यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात ब्रिटनमधील एका मोठ्या विमानतळावरील कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहाचे उदाहरण दिले आहे. तेथे नव्याने लागलेल्या भारतीय व पाकिस्तानी स्त्रिया पदार्थ वाढताना 'ग्रेव्ही' हा शब्द उतरत्या सुरात उच्चारीत. इंग्रज वाढपी तो चढत्या सुरात उच्चारीत. चढता सूर विचारणा ठरे, उतरता सूर उर्मटपणा. परदेशी ग्राहकाशी इंग्रजीत बोलणाऱ्या आपल्या अभियंत्यालाही हे लागू पडते. त्याचे व्याकरण निर्दोष असूनही त्याचा प्रश्न आज्ञेसारखा ऐकू जाऊ शकतो.

येथवरच्या विवेचनावरून दोन धोके ध्यानात येतात. पहिला असा की, मनुष्य नव्या पदावरही केवळ विधानेच करीत राहतो. त्याचे बोलणे खरे असते, परंतु ग्राहकाला त्यात धरून ठेवण्याजोगे काही सापडत नाही. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. मनुष्य वचन द्यावयास फार लवकर शिकतो. 'होईल' हा शब्द एकाच्या मुखातून निघतो आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणाच्या रात्रीच्या झोपेतून वसूल होते. कालपर्यंत जे सहकारी होते, तेच आज त्याच्या शब्दाचे ऋण फेडीत बसतात.

तंत्रज्ञ म्हणून घालविलेली वर्षे खऱ्या अर्थाने उपयोगी पडतात ती येथे. विशिष्ट यंत्राचे वा आज्ञावलीचे ज्ञान कालांतराने जुने होते. एका 'होईल'मागे किती काम दडलेले असते, याची जाण मात्र जुनी होत नाही. म्हणून या मार्गाने जाणाऱ्याने अंदाज आणि वचन यांची सरमिसळ होऊ न देण्याची सवय लावून घेणे अगत्याचे आहे. 'अंदाजे शुक्रवार, परंतु तारीख मंगळवारच्या चाचणीनंतर निश्चित सांगू' या वाक्यात विधानही आहे आणि वचनही आहे. वचन एवढेच की, मंगळवारी उत्तर मिळेल; आणि ते पाळणे वक्त्याच्या स्वतःच्या हाती आहे.

व्यवसायोपयोगी भाषाशिक्षणात उच्चार व शिष्टाचार यांवर भर देणे योग्यच आहे. परंतु कोणत्या वाक्याने आपण बांधले जातो आणि आपल्याबरोबर कोणाला बांधतो, हे ओळखण्याचे शिक्षण त्याहून मूलगामी होय. ते देण्याची साधने भाषाशास्त्रापाशी आहेत. पदव्युत्तर अभ्यासकांनी बँका, कारखाने आणि संगणक-व्यवसाय यांतील प्रत्यक्ष संभाषणांकडे या दृष्टीने पाहिले, तर त्या साधनांचा उपयोग आपल्या विषयाबाहेरच्या माणसांनाही होईल.