हळू झाला की वळतो

पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला जरा जास्तच रेंगाळते. वडापाववाल्यांचा त्यात फायदा होतो, पण कारण वेगळं असतं. पुढे भोर घाट आहे, सदतीस फुटांमागे एक फूट चढणारा, म्हणून मागून रेटा द्यायला जादा इंजिनं जोडतात. त्यांना इथे सगळे ‘बँकर’ म्हणतात. एकदा अशाच खोळंब्यात फलाटावर एक पोरगी दोन रुपयांचं नाणं कडेवर उभं करून गडगडवत होती. नाणं आधी सरळ धावायचं. वेग सरत आला की एका अंगाला कलायचं, त्याच अंगाला वळायचं आणि गिरकी घेऊन आडवं पडायचं. दर वेळी असंच. तिला त्याचं नवल वाटत होतं आणि खरं सांगायचं तर मलाही.

तिला ठाऊक नव्हतं, पण एक अख्खा खेळ ह्याच गिरकीवर उभा आहे. लॉन बोल्स. आपल्याकडे बहुतेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं ते 2022 च्या ऑगस्टमध्ये, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत. लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की या चौघींनी दक्षिण आफ्रिकेला 17-10 असं हरवून सुवर्णपदक आणलं तेव्हा. खेळ दिसायला अगदी साधा. गालिच्यासारख्या कापलेल्या हिरवळीवर दूर एक छोटा चेंडू ठेवायचा आणि दीडेक किलोचा मोठा गोळा गडगडवत त्याच्या जास्तीत जास्त जवळ नेऊन थांबवायचा.

गंमत अशी की हा गोळा पूर्ण गोल नसतोच. त्याची एक बाजू दुसरीपेक्षा वेगळ्या गोलाईची घडवलेली असते, त्यामुळे वजनाचा मध्य किंचित बाजूला सरकतो. वेगात असताना गोळा हे जाणवू देत नाही. वेग उतरू लागला की तो त्या अंगाला कलतो आणि नाण्यासारखाच कलत्या बाजूला वळतो. जितका हळू तितका जास्त वळतो. म्हणून लक्ष्यावर सरळ नेम धरणारा हमखास चुकतो, नेम भलतीकडेच धरावा लागतो. पूर्वी हे गोळे लिग्नम व्हायटी नावाच्या लाकडाचे असत. ते इतकं घट्ट असतं की पाण्यात टाकलं तर दगडासारखं बुडतं.

1903 मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स यांच्यात या खेळाचे आंतरराष्ट्रीय सामने सुरू झाले. इंग्लंडचा पहिला कर्णधार कोण होता? डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस! लांब दाढीचा, क्रिकेटचा तो दांडगा बादशहा. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी हा माणूस दुसऱ्याच खेळात देशाचा कर्णधार झाला आणि 1908 पर्यंत राहिला. नव्या बोल्स संघटनेचा पहिला अध्यक्षही तोच.

वरकरणी हे दोन खेळ एकमेकांचे कोणी लागत नाहीत. पण क्रिकेटमध्येही सुरुवातीला चेंडू जमिनीसरसा गडगडवतच टाकत. ‘बोलिंग’ हा शब्द तिथलाच. खांद्यावरून हात फिरवून टाकायला नियमाने परवानगी मिळाली ती 1864 मध्ये. आपल्या रायगडात भातकापणी झाली की रिकाम्या खाचरांत ‘अंडरआर्म’च्या स्पर्धा रंगतात. क्रिकेटचं बालपण अजून बघायचं असेल तर ते असं कर्जत-खालापूरच्या शेतांत सापडतं. मराठीने मात्र या कामाला शब्द दिला तो तोफखान्यातला. गोलंदाज म्हणजे मुळात तोफेचे गोळे डागणारा! फिरकी टाकणाऱ्याला हा शब्द शोभतो का, ही माझी जुनी शंका आहे.

कारण फिरकीचं गणित तोफेच्या अगदी उलट. बोटांनी पीळ दिलेला चेंडू हवेत स्वतःभोवती फिरत जातो, अंगालगतची हवा सोबत ओढतो आणि जाता जाताच थोडा बाजूला सरकतो. मग टप्पा पडतो, शिवण मातीला धरते आणि तो उलट दिशेला निघतो. डावखुरा फिरकीपटू उजव्या फलंदाजाला असा चेंडू टाकतो तेव्हा तो आत येतोय असं वाटतं आणि बाहेर निघून जातो. हा चेंडूही संथच असावा लागतो. जोरात आला तर मातीला धरायला वेळच मिळत नाही.

ग्रेस हिरवळीवर गोळे गडगडवत होते त्याच काळात ही विद्या आपल्याकडे सर्वांत चांगली कोणाला येत होती? बाळू पालवणकरला. मुद्दामच एकेरीत लिहितोय, कारण तेव्हा त्याला अहोजाहो करणारं कोणी नव्हतं. चर्मकार घरातला मुलगा, वडील पुण्याला लष्करात नोकरीला. 1892 च्या सुमारास तो पूना क्लबमध्ये चार रुपये महिन्यावर लागला. काम काय, तर रोलर फिरवायचा, खेळपट्टी आखायची, जाळी उभी करायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. जे. जी. ग्रेग नावाचा साहेब म्हणे बाद झाला की दर वेळी आठ आणे द्यायचा. बॅट मात्र बाळूच्या हाती कोणी दिली नाही. तासन् तास चेंडू टाकत राहायचं, एवढंच. पण विचार करा, त्या खेळपट्टीची माती त्याच्याइतकी कोणाला कळत असेल? कुठे ओल आहे, कुठे चेंडू धरेल, हे ज्याने रोलर ओढला त्यालाच ठाऊक.

मग पुण्याच्या हिंदू संघाने त्याला खेळायला घेतलं. खेळायला, पंगतीला नव्हे. चहा तंबूच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवण वेगळं. चेंडू चामड्याचा होता आणि तो त्याच्या हातून सगळ्यांच्या हातात जात होता, त्याला कोणाचीच हरकत नव्हती! साताऱ्याच्या गोऱ्यांच्या क्लबाची गोष्ट तर मला फार आवडते. बाळूची फिरकी बोथट व्हावी म्हणून त्यांनी म्हणे आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवला. त्याने सात गडी घेतले. ज्याची उमर रोलर ओढण्यात गेली त्याला रोलरची काय भीती?

पुढे पालवणकर मुंबईला आले. (आता अहोजाहो करायला हरकत नाही.) त्या काळी पुण्याहून मुंबईला रेल्वेने उतरायचं तर याच घाटातून, याच कर्जतवरून. 1863 मध्ये खुल्या झालेल्या त्या घाटमार्गावर खंडाळ्याजवळ गाडी थांबून उलटी निघायची, कारण सरळ चढायला वाटच नव्हती. मुंबईत 1906 मध्ये हिंदू संघाने गोऱ्यांच्या संघाला 109 धावांनी हरवलं. त्या संघात बाळू होते, धाकटे भाऊ शिवरामही होते.

1911 च्या उन्हाळ्यात पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला, कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. प्रथम दर्जाचे चौदा सामने झाले, त्यांतले दहा हरलो, जिंकलो फक्त दोन. आणि या पडझडीत पस्तिशीतल्या बाळू पालवणकरांनी सगळ्या सामन्यांत मिळून 114 बळी घेतले, सरासरी 18.84. हरणाऱ्या संघाकडून एवढे बळी! आयुष्यभराचा प्रथम दर्जाचा हिशेब 33 सामने, 179 बळी, सरासरी 15.21. भारताचा पहिला कसोटी सामना व्हायला 1932 साल उजाडलं, तोवर त्यांचा खेळ संपून गेला होता.

हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना रीतसर कधी मिळालं नाही. ते धाकट्या भावाकडे, विठ्ठलकडे आलं आणि 1923 मध्ये त्याने चार संघांची ‘चौरंगी’ स्पर्धा जिंकून दाखवली. 1937 च्या मुंबई प्रांतिक निवडणुकीत बाळू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात उभे राहिले. बाबासाहेबांना 13,245 मतं, बाळूंना 11,225. बाबासाहेबांच्या विरोधात का उभे राहिले, यावर वाद घालायला लोक अजून तयार असतात. मला मात्र त्या आकड्यांत एका खेळाडूची पुण्याई दिसते. 1955 मध्ये ते गेले.

बँकर जोडल्याचा धक्का बसला. पोरीने नाणं उचललं, बापाने तिला डब्यात ओढलं. गाडी निघाली आणि पळसदरी मागे पडल्यावर पहिल्या मोठ्या वळणावर डबे एका अंगाला कलले. तिने खिडकीच्या कट्ट्यावर नाणं पुन्हा उभं केलं.