रात्री तीन वाजता किती पाणी वाहतं?

केंद्राची स्मार्ट सिटी मोहीम २०१५ मध्ये सुरू झाली. पुढच्या जानेवारीत पहिल्या वीस शहरांची यादी आली, तीत पुण्याबरोबर सोलापूरही होतं. त्या सोलापुरात तेव्हा नळाला पाणी काही दिवसांआड येत असे. कराडला लागून असलेलं, तीसेक हजार वस्तीचं मलकापूर या यादीत नव्हतं. पण तिथे चोवीस तास पाणी त्याच्या काही वर्षं आधीपासूनच येत होतं.

चोवीस तास म्हणजे जास्त पाणी, हा समज चुकीचा आहे. पाणी ठरावीक वेळीच आलं की घरोघरी पिंपं, टाक्या भरल्या जातात, मोटारी लावून ओढलं जातं आणि नवं आलं की कालचं ‘शिळं’ म्हणून मोरीत ओततात. मधल्या वेळेत नळ रिकामे असतात, तेव्हा फुटक्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत शिरतं. नळात सतत दाब राहिला तर साठवायची गरज उरत नाही आणि बाहेरची घाण आत येत नाही.

मलकापुरात प्रत्येक जोडणीला मीटर बसले. त्यांचं वाचन रेडिओलहरींनी, दारात न थांबता घेता येतं. दर टप्प्याटप्प्याने चढते ठेवले. जो जास्त वापरेल, त्याला जास्त बिल. तंत्रज्ञान एवढंच, पण ते बिलापर्यंत पोचलं, म्हणून उपयोगी पडलं. मीटर बसवायला लोकांना राजी करणं हे मात्र कुठलंही यंत्र करत नाही. ते तिथल्या नगरपंचायतीलाच करावं लागलं.

गळती शोधण्याची रीतही साधी आहे. शहराचे छोटे विभाग पाडायचे, प्रत्येकाच्या तोंडाशी मीटर लावायचा आणि रात्री दोन ते चारचा प्रवाह पाहायचा. सगळे झोपलेले असताना पाणी वाहत असेल, तर त्यातलं बरंचसं जमिनीत मुरतं आहे.

स्मार्ट सिटी मोहिमेत मात्र कॅमेरे आणि भिंतभर पडद्यांची नियंत्रण केंद्रं शहराशहरांत उभी राहिली. कोविडच्या काळात त्यांचा उपयोगही झाला. तरीही माझ्या मते शहराची हुशारी आधी जमिनीखालच्या नळांत दिसायला हवी.

पुढच्या वेळी नगरसेवक मत मागायला येतील, तेव्हा त्यांना जरूर विचारा: आपल्या प्रभागात रात्री तीन वाजता किती पाणी वाहतं, आणि तो आकडा दर महिन्याला कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावाल का?