ज्वर, उन्हाळा आणि समीकरण

जबलपूरच्या रिछाई भागात, मे महिन्याच्या उन्हात उभ्या असलेल्या एखाद्या गाईचे तापमान ४१ अंश सेल्सिअस भरले, तर तिला ज्वरनाशक औषध द्यावे काय? गाईचे स्वाभाविक तापमान सुमारे ३८.५ अंश असते. तथापि केवळ आकड्यावरून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

शरीरात उष्णता निर्माण होते आणि त्वचा व श्वास यांवाटे ती बाहेर पडते. या आवकजावकेतील फरकावरून तापमान किती वेगाने बदलेल, हे पहिले समीकरण सांगते. दुसरे समीकरण मेंदूच्या नियंत्रणाचे होय. मेंदूने ठरविलेल्या इष्ट तापमानापासून शरीर ढळले, की तो आवकजावक बदलतो. ज्वरात प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यामुळे हे इष्ट तापमानच वर सरकते. ॲस्पिरिनसारखी औषधे त्या द्रव्याची निर्मिती रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखविले. उष्माघातात मात्र इष्ट तापमान जागीच असते, जावक अपुरी पडते. तेथे सावली आणि पाणी हाच उपाय.

औषध आणि नियंत्रण यांची ओढाताण गणिताने कशी उलगडते, हे नेदरलँड्समधील लायडनच्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखविले. प्रयोगशाळेतील उंदरांना तापमान उतरविणारे एक औषध दिल्यावर होणारे बदल त्यांनी अशाच प्रतिमानात बसविले. शरीराचा प्रतिकार काहीसा उशिरा जागा होतो. म्हणून तापमान हेलकावे घेते. तेव्हा तापमापकातील आकडा हा केवळ औषधाचा परिणाम नव्हे. त्यात शरीराचे उत्तरही मिसळलेले असते.