गोदाकाठची मरळ, गोदाकाठचीच वाईन

मासा म्हटला की मालवण आठवतं, वाईन म्हटली की नाशिक. परभणीला मात्र या दोन्हींसाठी एकच नदी पुरते. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवरून निघालेली गोदावरी नाशिकजवळ गंगापूर धरणात साठते, आणि त्याच परिसरात वाईनचे द्राक्षमळे आहेत. पुढे जायकवाडी ओलांडून ती पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम असं करत पूर्णा तालुक्यातून बाहेर पडते. वरच्या अंगाला द्राक्षं, खालच्या अंगाला मासे! ताटात काय वाढायचं, हे नदीनंच ठरवून ठेवलंय.

हवा पिणारा मासा

पांढऱ्या मांसाचा राजा आपल्याकडे मरळ. काटे कमी, मांस घट्ट. रोहू-कटल्याच्या मांसात बारीक दुफाटी काटे असतात, मरळीत ती कटकट नाही. शिवाय ही मासोळी कल्ल्यांच्या भरवशावर राहत नाही; पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेते. म्हणून थोड्याशा पाण्यातही तासन् तास तग धरते आणि बाजारात जिवंत मिळते. ताजेपणाची याहून चांगली खूण नाही.

मांस पांढरं का? गोड्या पाण्यातले हे मासे एरवी निवांत असतात, भक्ष्य दिसलं की झडप घालतात. अशा क्षणिक धावपळीच्या स्नायूंना प्राणवायू साठवणारं लाल रंगद्रव्य फारसं लागत नाही.

पहिल्या पावसाचा वास

तळ्यातल्या माशाला कधीकधी मातकट वास येतो. तो जिओस्मिन या द्रव्याचा. पहिल्या पावसानंतर मातीतून दरवळतं, तेही हेच! पाण्यातले निळे-हिरवे शेवाळी जिवाणू ते तयार करतात. माणसाचं नाक त्याबाबतीत विलक्षण तिखट आहे: एक लाख कोटी भाग पाण्यात पाच-दहा भाग असले तरी कळतं. उपाय स्वयंपाकघरातच आहे. आंबटात जिओस्मिन मोडतं आणि वास जातो. लिंबू, चिंच, आमसूल हे काही नुसते चवीचे लाड नव्हेत.

आमच्याकडे आंबटासाठी आणखी एक हक्काची भाजी आहे, अंबाडी. शेजारच्या तेलंगणात ती मासे-कोळंबीत सर्रास पडते. मराठवाड्यात तिची गाठ सहसा कण्यांशी आणि लसणाच्या फोडणीशी असते. मरळीच्या रश्श्यात मूठभर अंबाडी घालून पाहाच. नारळाची आठवणही येणार नाही. रस्सा दाट करायला येसर आहेच, धान्य-डाळी भाजून मसाल्यासकट दळलेलं आपलं पीठ.

परभणीची क्रांती

सोबतची भाजी कोणती? भेंडी, आणि तीही गावाचं नाव मिरवणारी. भेंडीची पानं पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगानं शेतकरी हैराण असताना इथल्या कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनी 'पुसा सावनी' या वाणाचा संकर भेंडीच्या एका रानटी भावकीशी केला. १९८०च्या दशकात आलेलं ते वाण म्हणजे 'परभणी क्रांती'. १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा मला सर्वांत जास्त अभिमान वाटतो तो या हिरव्या शेंगेमुळे. चिकटपणा नको असेल तर भेंडी धुऊन कोरडी पुसा, मग चिरा, झाकण न ठेवता परता आणि शेवटी लिंबू पिळा.

मरळीचे तुकडे तळायला तांदळाचं पीठ किंवा रवा शोधू नका. ज्वारीचं पीठ, हळद, मीठ, तिखट, आणि तव्यावर करडईचं तेल. आच मध्यम. माशातले जोडधागे मटणाच्या मानानं नाजूक, लवकर विरघळतात. तुकडा आतपर्यंत दुधी झाला आणि पाकळ्या सुटू लागल्या की लगेच उतरवा. आणखी दोन मिनिटं ठेवलात तर चोथा होईल.

लाल का नको?

माशाबरोबर पांढरी वाईन, हा संकेत उगाच पडलेला नाही. २००९ साली जपानी संशोधकांनी साठाहून अधिक वाईन शिंपल्यांच्या मांसाबरोबर चाखवून पाहिल्या. जिच्यात लोह जास्त, तिच्यानंतर तोंडात मासळीचा उग्र वास रेंगाळतो, असं त्यांना आढळलं. लाल वाईनमध्ये लोह बहुधा जास्त असतं. लोह कमी असलेली लाल वाईन माशाबरोबर बिघडत नाही, हेही त्यातूनच कळलं.

नाशिकला राजीव सामंत यांनी १९९०च्या दशकात सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां ही द्राक्षं लावली आणि २००० साली 'सुला'ची पहिली वाईन बाजारात आली. लिंबू पिळलेल्या तळलेल्या तुकड्यांबरोबर आंबटसर सोव्हिन्यों घ्यावी. काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा असेल तर किंचित गोडसर शेनिन बरी, कारण कडक वाईननं तिखट आणखी भडकतं आणि गोडव्यानं निवतं.

दोन्ही वाईन ८ ते १० अंशांवर प्याव्यात. परभणीच्या मे महिन्यात पारा ४२-४३च्या पुढे जातो, तेव्हा बाटली बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घातलेल्या बादलीत बुडवा. वीसेक मिनिटांत गार होते. न पिणाऱ्यांसाठी त्याच बादलीत लाल अंबाडीच्या बोंडांच्या सरबताची बाटलीही ठेवा.