बापाचे नाव, आडनावाच्या जागी

रमजान ईदला लातूरला आपांकडे गेलो, तर बैठकीत शीरखुर्म्यापेक्षा कागदांचीच चर्चा जास्त. भाची रसायनशास्त्रात पीएच.डी. तिने आणि जावयाने अमेरिकेत कायम राहण्यासाठी अर्ज करायचे ठरवले आहे. वकिलाने तिचे आजवर छापून आलेले सगळे संशोधन पुराव्यासह मागितले. शोधनिबंध अकरा, इंटरनेटवर तिच्या नावाने सापडले चार.

बाकीचे सात आपल्याच नावांच्या रीतीत अडकले होते. मराठवाड्यात आपण लिहितो 'शेख अमुक शेख तमुक'. आडनाव आधी, बापाचे नाव शेवटी. परदेशी नियतकालिके शेवटचा शब्द आडनाव धरतात. म्हणून तीन निबंधांत दुल्हाभाईंचे नावच तिचे आडनाव झाले, आणि निकाहनंतरच्या चारांत शौहरचे. पासपोर्टवर 'शेख' आहे, पण स्पेलिंग निराळे. ज्यांच्या नावात मोहम्मद आहे त्यांचे तर विचारूच नका. त्याचे 'एमडी' केले की तिकडे डॉक्टर समजतात!

अमेरिकेत असामान्य गुणवत्तेच्या वर्गात 10 निकष आहेत, त्यांपैकी किमान 3 पुरे करावे लागतात. शोधनिबंध हा त्यातला एक. दुसऱ्यांचे निबंध तपासून दिले असतील तर तोही एक. म्हणून संपादकांचे तसे ईमेल पुसू नयेत. आपल्याविषयी वृत्तपत्रांत आलेला मजकूरही चालतो, पण त्याचा मथळा, तारीख आणि लिहिणाऱ्याचे नाव लागते. इथे दुल्हाभाई हळहळले. त्यांनी कौतुकाने कापून, लॅमिनेट करून ठेवलेल्या कात्रणांत लेकीचा फोटो होता, पण पेपरचे नाव नाही, तारीख नाही. दोन दिवस वाचनालयात बसून त्यांनी जुन्या फायलींतून पूर्ण पाने शोधली. मराठी-उर्दू कात्रणाचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर लागते. ते पूर्ण आणि अचूक आहे, आपल्याला दोन्ही भाषा येतात, असे भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यावे लागते.

नावांच्या गुंत्यावर उपाय सापडला तो 'ऑर्किड'चा. 2012 पासून संशोधकांना मिळणारा हा 16 अंकी क्रमांक मोफत आहे, आणि त्यात नावाची सगळी रूपे नोंदवता येतात. शिवाय ही सगळी नावे एकाच व्यक्तीची, असे शपथपत्र नोटरीकडून केले. छापील नियतकालिकांचे मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि आयएसएसएन असलेले पान, तिन्ही स्कॅन करून ठेवली. दोन नियतकालिकांची संकेतस्थळे केव्हाच बंद पडली होती. भाचीकडे अंक होते म्हणून निभावले.

याच दिवसांत एकाने सुचवले, थोडे पैसे टाका, आणखी चार निबंधांत नाव घालून देतो. दुल्हाभाईंनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. ते बरेच झाले. जाणूनबुजून खोटी माहिती दिलेली उघड झाली, तर अमेरिकेचा कायदा दार कायमचे बंद करू शकतो.

आपांचा धाकटा नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याचा पहिला निबंध सरांसोबत जायचा होता. तो सरांना फोनवर म्हणाला, "सर, माझे नाव अजून टाकू नका." मग अम्मीकडे वळला, "माझा पासपोर्ट कुठे ठेवलाय?"