माळेगावची दौलतजादा, जावाचा कॅमेरा

मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची देवस्वारी निघाली, की लोहा तालुक्यातल्या त्या माळावर घोडे, गाढवं, उंट, घोंगड्यांची दुकानं, कुस्तीचा आखाडा आणि तमाशाचे तंबू एकदमच गजबजतात. नांदेड जिल्हा परिषदेचा लावणी महोत्सवही याच यात्रेतला. तंबूत बसलं की कळतं, कार्यक्रम जेवढा मंचावर चालतो तेवढाच समोरच्या गर्दीतही. कुणीतरी नोट वर धरतो, नाचणारी पुढे येऊन ती घेते, आणि माईकवरून पुकारा होतो : अमुक गावच्या अमुक पाटलांकडून शंभर रुपये, फर्माईश अमकी. थांबलेली ढोलकी पुन्हा कडाडते. ही दौलतजादा. शंभरात गाणं मिळतं हे खरं, पण खरी किंमत असते ती पंचक्रोशीसमोर आपलं नाव पुकारलं जाण्याची.

इंडोनेशियात, पूर्व जावातल्या खेड्यांत, जवळपास असंच चालतं. लग्नात किंवा मुलाच्या सुंतेच्या जेवणावळीत यजमान दांगदुतचा ऑर्केस्ट्रा बोलावतो. दांगदुत म्हणजे तिथलं सर्वांत लोकप्रिय गाणं-बजावणं. मलय आणि अरबी सुरांत हिंदी सिनेमाच्या चाली मुरलेल्या, आणि ठेक्याला आपल्या तबल्याच्या जातीची जोडवाद्यं. पाहुणे मंचावर चढतात, गायिकेसोबत दोन पावलं नाचतात आणि एकेक नोट तिच्या हातात देत राहतात. या रिवाजाला तिथं ‘सावेर’ म्हणतात.

या मंचासमोर कॅमेरा आमच्याकडच्यापेक्षा बराच आधी आला. पासुरुआनची इनुल दारातिस्ता गावोगावच्या समारंभांत गायची. कुणीतरी ते चित्रण केलं, त्याच्या चोरट्या व्हीसीडी निघाल्या आणि देशभरच्या बाजारांत स्वस्तात विकल्या गेल्या. कंबर गरागरा फिरवण्याची तिची लकब त्या तबकड्यांनीच घरोघर नेली. २००३ मध्ये ती टीव्हीवर पोचली तेव्हा वादळ उठलं. दांगदुतचे ‘राजे’ रोमा इरामा यांनी तिला आपली गाणी गायला मनाई केली. माजी राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद मात्र तिच्या बाजूने उभे राहिले. तबकड्या विकणाऱ्यांवर एवढी चर्चा कुणी केल्याचं दिसत नाही. इनुलला त्या विक्रीतून काही मिळालं नव्हतं.

आपल्याकडे हे नाट्य वीसेक वर्षांनी घडलं. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली, पाठोपाठ रील्स आणि शॉर्ट्स आले, आणि २०२२ च्या सुमारास धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्याची गौतमी पाटील प्रत्येक मोबाइलवर दिसू लागली. तिच्या हावभावांवर सुरेखा पुणेकरांसारख्या ज्येष्ठ लावणी कलावंतांनी टीका केली, तिने माफी मागितली. पुढे तिचं खासगी चित्रण चोरून पसरवल्याबद्दल २०२३ मध्ये गुन्हाही नोंदवला गेला. नाचावर मतं असावीत, माझीही आहेत. पण हजार लोकांसमोरचा तीन तासांचा कार्यक्रम कापून त्यातले वीस सेकंद कोण निवडतं? मंचाच्या पायाशी उभा असलेला मोबाइलवाला. फॉलोअर त्याचे वाढतात, शिव्या मात्र नाचणारीला.

स्वतःचा मोबाइल स्वतःच्या हातात असला की गोष्ट वेगळी होते. बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा सूरज चव्हाण टिकटॉकवर असाच वाढला. २०२४ च्या बिग बॉस मराठीत लातूरकर रितेश देशमुखने त्याला विजेता म्हणून घोषित केलं. पण मंचावर उभी असलेली बाई एकाच वेळी नाचणार आणि चित्रणही करणार कशी?

जावातल्या ऑर्केस्ट्रांनी यावर तोड काढली. न्यू पल्लापा, मोनाता यांसारख्या मंडळींचे कार्यक्रम तीन-चार कॅमेरे लावून नीट चित्रित होऊ लागले, आवाज थेट मिक्सरमधून घेतला जाऊ लागला, आणि लग्नाच्या मांडवातली गाणी यूट्यूबवर गेली. विया वॅलेन याच वाटेने पुढे आली. २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेचं गाणं तिनं गायलं.

सगळंच तिथलं घेण्यासारखं नाही. जानेवारी २०२३ मध्ये इंडोनेशियातल्याच लोम्बोक बेटावरच्या वृद्ध बायका टिकटॉक लाइव्हवर तासन्‌तास गढूळ पाण्यात बसून डोक्यावर पाणी ओतत होत्या, कारण बघणारे ‘गिफ्ट’ पाठवत होते. सरकारला परिपत्रक काढून ही ऑनलाइन भीक रोखायला सांगावं लागलं. आपल्या तंबूत नोट देणाऱ्याचं तोंड दिसत होतं तोवर त्याला थोडी लाज होती; फारच चेकाळला तर सोंगाड्या चार लोकांत त्याची फिरकी घ्यायचा. लाइव्हवर सोंगाड्या नाही.

म्हणून माळेगावात आणि लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत मला मोबाइलबंदीचे फलक नको आहेत. ते पाळणार कोण? फडाचा स्वतःचा कॅमेरा हवा. सुपारी देताना रक्कम किती, मुक्काम कुठं, जेवणाचं काय हे ठरतंच. त्याच बैठकीत चित्रण कोण करणार, ते कुणाच्या चॅनलवर जाणार आणि त्याच्या पैशात नाचणारीचा वाटा किती, एवढं यात्रा कमिटीने कागदावर लिहून घ्यावं. सुरुवात जिल्हा परिषदेच्या लावणी महोत्सवापासून करता येईल. तिथला मंच तर सरकारीच आहे.